भय्यासाहेबांची काळी वही आणि भार्गवीचे एकशेवीस तास

...नाही नाही, ते स्टूल नको, मला पाठ असलेली खुर्ची द्या. का ते पुढे कळेल. तर तुम्हीच सांगा, चार क्रेडिटांसाठी एकशेवीस तास कुणी बिनपाठीच्या स्टुलावर बसतं का? तेही मे महिन्यात, उज्जैनच्या उन्हात, नानाखेड्याला बस स्टँडच्या मागे, मोटर भरायच्या, म्हणजे जळलेल्या मोटरला नवी तार गुंडाळायच्या, दुकानासमोर! बरं, मुलगी आत. काम ती करणार. क्रेडिट तिला मिळणार. मग बाहेर बसलेला हा माणूस काय करतोय? तर तुम्हाला सांगतो, संशय घेतोय.

हा माणूस म्हणजे आमचे भय्यासाहेब. माझ्या जयूताईचे यजमान. मी वसंत, मला विसरलात तरी चालेल, कारण यात माझं काम एवढंच की स्कूटर माझी होती. आता तुम्ही म्हणाल, भय्यासाहेबांच्या मनातलं तुला काय ठाऊक? तर भय्यासाहेब मनातलं सगळं मोठ्यानं बोलतात, फक्त त्यांना वाटतं की आपण मनात बोलतोय. मागे बसून माधव नगर ते नानाखेडा अख्खा रस्ता बोलतात, आणि सिंहस्थाच्या नावानं रस्ता असा खणून ठेवलाय की पंधरा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागतो. म्हणजे पाऊण तास मी ऐकतो.

माणूस वाईट नाही, पण घराण्याचा दोष आहे. यांचे पूर्वज दरबारच्या दफ्तरात होते. पाच पिढ्या कागद सांभाळला. भय्यासाहेबांनी स्वतः पाणीपुरवठा खात्यात पस्तीस वर्षं आवक-जावक केलं. त्यांच्या मते कागदाला तीन गोष्टी लागतात, नंबर, तारीख आणि शिक्का. जावक क्रमांक नाही तो कागद नव्हे, ती अफवा. माझ्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा त्यांनी ताईला विचारलं होतं, "यावर सही कुणाची नाही?" आता पत्रिकेवर कोण सही करतं हो? पण नाही! शिक्का नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांची भार्गवी एप्रिलमध्ये अकरावीला गेली. उशिरा झालेली, एकुलती एक. पोरीला लहानपणापासून वस्तू उघडायची हौस. मिक्सर उघडला, इस्त्री उघडली, माझी स्कूटर उघडली. परत लावायचीसुद्धा, हे महत्त्वाचं. ती एक फॉर्म घेऊन आली, आणि मी नेमका तिथे पोहे खात बसलेलो.

"बाबा, मी इलेक्ट्रिकलचा व्होकेशनल विषय घेतेय. याचे क्रेडिट कॉलेजात धरतात."

"शाळेतला अभ्यास कॉलेजात कसा धरतील?"

"तीस तासांचं एक क्रेडिट. सुट्टीत दुकानात एकशेवीस तास काम केलं की चार होतात. तेवढं कॉलेजात परत शिकावं लागत नाही. आणि मोटर-पंपांच्या डिग्रीला दहा जागा फक्त ह्या क्रेडिटवाल्यांना आहेत."

"जमा कुठे होतात?"

"क्रेडिट बँकेत."

"शाखा कुठाय? फ्रीगंजला?"

"शाखा नसते बाबा. ऑनलाइन."

संपलं. भय्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वसंता, कुठेतरी पाणी मुरतंय."

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच अडकलंय. भार्गवी हुशार आहे, पण हातानं हुशार. लेखी पेपरात बेताची. शंभर ओळींचं उत्तर लिहा म्हटलं की तिला घाम फुटतो, आणि बंद पडलेली मोटर पुढे ठेवा, तर जेवण विसरते. म्हणजे नेहमीच्या यादीतून तिला ती डिग्री मिळणं कठीण. त्या दहा जागा हाच तिचा दरवाजा, आणि दरवाज्याची किल्ली ती चार क्रेडिटं. हे तिला कळत होतं, ताईला कळत होतं, मला पोहे खाता खाता कळलं. भय्यासाहेबांना वेगळंच कळलं.

"बघ वसंता," मागच्या सीटवरून सुरू, "शाळेला पंखे फुकटात दुरुस्त करून पाहिजेत. दुकानदाराला फुकटात हात पाहिजेत. कॉलेजला पोरं पाहिजेत. तिघांचं जुळलंय. चौथी आपली मुलगी, तिच्या हातात काय? मोबाइलमधला एक आकडा!"

मी म्हटलं, भय्यासाहेब, सरकारी योजना आहे. ते म्हणाले, "मी पस्तीस वर्षं सरकारी होतो, मला सांगतोस?" शेवटी त्यांनी सही केली, पण अटीवर. मुलगी दुकानात जाईल तेव्हा ते समोर हजर राहणार आणि सगळ्याची नोंद करणार. म्हणजे उद्या लबाडी बाहेर आली की पुरावा तयार. एक काळी वही आणली, दीडशे पानी, पुठ्ठ्याची.

आणि ती वही लिहिली कशात? मोडीत! हो, जुन्या दफ्तरातली मोडी. आजोबांनी शिकवलेली. घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, म्हणून गुपित काय ते मोडीत. एटीएमचा पिन मोडीत, ताईच्या माहेरच्या माणसांविषयीची मतं मोडीत. जयूताईला बरीच वर्षं वाटायचं की नवरा स्तोत्र लिहून काढतो.

तर रोज सकाळी दहाला मी त्यांना सोडायचो, दोनला आणायचो. चार तास, तीस दिवस. दुकानाचे मालक म्हणजे उस्ताद. साठीचे, हाताला कायम वॉर्निशचा वास, एकदम सरळ माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाबूजी, अंदर आ जाओ, पंखा है, बाहर लू लग जाएगी." भय्यासाहेब म्हणाले, "नहीं, हम यहीं ठीक हैं." आणि मला हळूच, म्हणजे त्यांच्या मते हळूच, "पंख्याखाली बसवायचं, डुलकी लागली की हवं ते करायचं. मी काय नवीन आहे?" उस्तादांनी सगळं ऐकलं. मराठी त्यांना येत नाही, पण उज्जैनमध्ये साठ वर्षं काढल्यावर इतकं कळतंच ना? तरी बिचाऱ्यांनी चहा पाठवला. भय्यासाहेबांनी तो हुंगला. मग प्याला. मग वही उघडून काहीतरी लिहिलं. मी विचारलं काय लिहिलंत, तर म्हणाले, "लिहिलं की चहा देतो. का देतो?"

आता चहा का देतात, हा काय प्रश्न झाला?

असे तीस दिवस गेले, एकशेवीस तास भरले. भय्यासाहेबांना घामोळं आलं, आणि वहीत लबाडी काही सापडली नाही. तुम्हाला वाटेल सुटले. छे! "सापडत नाही याचा अर्थ खोल आहे," म्हणाले, "कुठेतरी पाणी मुरतंय." वही कपाटात गेली. भार्गवी बारावी झाली, पास झाली. कॉलेजचा अर्ज भरायला बसली, शुक्रवार शेवटची तारीख, आणि बुधवारी संध्याकाळी तिनं मोबाइलवर आपलं क्रेडिटचं पान उघडलं.

तास... बारा.

एकशेवीस नाही. बारा! शाळेत कुणीतरी चढवताना शून्य गाळलं होतं. बारा तासांचं एकसुद्धा क्रेडिट होत नाही. शाळेत फोन लावला, तर पलीकडून एकदम गोड आवाज, "सर, एक ज़ीरो कम चढ़ गया है, करेक्शन की रिक्वेस्ट डाल दी है. पंद्रह वर्किंग डे लगेंगे." पंधरा दिवस! आणि आमच्याकडे होते दोन.

आता भय्यासाहेबांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. खोटं कशाला बोलू, पहिलं अर्धं मिनिट माणूस खूश होता! दोन वर्षांचा संशय खरा निघाला होता. बोट वर करून म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं मी?" आणि मग त्यांचं लक्ष भार्गवीकडे गेलं. ती रडत नव्हती. मिक्सरची वायर हातात घेऊन बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती, परत गुंडाळत होती. भय्यासाहेबांचं बोट खाली आलं. आपण बरोबर ठरलो याचं वाईट वाटायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि मोठ्यानं मनातसुद्धा काही बोलले नाहीत, त्यामुळे मला धास्ती वाटली.

गुरुवारी सकाळी उस्तादांकडे गेलो. त्यांच्याकडे हजेरी होती, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, रोज एक टिक. छान! कुठाय ते कॅलेंडर? उस्तादांनी कपाळाला हात लावला. महिना संपला की पान फाडून त्यात बेअरिंग बांधून देतात गिऱ्हाइकांना. म्हणजे भार्गवीचा मे महिना सगळ्या उज्जैनभर वाटला गेला होता! उस्तादांनी हातानं चिठ्ठी लिहून दिली, "बच्ची ने पूरा काम किया है, मेरी बेटी जैसी है." ती घेऊन कॉलेजात गेलो, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "बेटी जैसी है वो ठीक है, तारीखवार रिकॉर्ड चाहिए. किस दिन, कितने घंटे, क्या काम. हो तो कल ग्यारह बजे समिति के सामने लाओ."

घरी आलो. तारीखवार रेकॉर्ड कुठून आणायचं? तेवढ्यात जयूताई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला कणीक तशीच, आणि म्हणाली, "अहो, तुमची ती काळी वही कुठाय?"

भय्यासाहेब पांढरे पडले. मला कळेना, अरे नाचायला पाहिजे माणसानं! पण ते कपाटाला पाठ लावून उभे राहिले. "ती देता येणार नाही. ती त्यांच्याविरुद्ध लिहिली आहे." ताई म्हणाली, "त्यात तारखा आहेत ना?" "आहेत." "तास आहेत?" "मिनिटंसुद्धा आहेत." "मग काढा." आमच्या ताईनं काढा म्हटलं की काढावं लागतं.

शुक्रवार, अकरा वाजता. टेबलाच्या पलीकडे तीन जण, मधे एक मॅडम, चष्मा साखळीला. इकडे भय्यासाहेब, भार्गवी, आणि दाराशी मी, स्कूटरची किल्ली धरून. मॅडमनी वही उघडली, उलटी केली, सुलटी केली.

"ये कौन सी भाषा है?"

"मराठी है. लिपि मोडी है. दरबार में चलती थी."

"हमारे यहाँ नहीं चलती. आप पढ़िए, हिंदी में बताइए, हम नोट करेंगे."

भय्यासाहेबांनी घसा साफ केला. "पाँच मई. दस से दो. पुरानी वाइंडिंग खोली."

मॅडमनी पेन थांबवलं. "लिखा तो चार लाइन है. आपने इतना सा पढ़ा?"

"बाकी... ऐसे ही है."

"देखिए, रिकॉर्ड है तो पूरा पढ़ा जाएगा. छोड़ेंगे तो हम मानेंगे नहीं."

आता सांगा, काय करणार? भार्गवीकडे एकदा पाहिलं, आणि माणूस वाचायला लागला. पूर्ण!

"पाँच मई. लड़की पुरानी तार निकाल रही है. ताँबे का भाव देखो. ये तार जाती कहाँ है, पूछना है." मॅडमच्या शेजारचे सर खोकले. "सात मई. उस्ताद सिखाता है, फिर बोलता है वाह. इतनी वाह कोई मुफ्त में नहीं बोलता. ग्यारह मई. स्कूल से मास्टर जाँच को आए. समोसा खाया, दस्तखत किया. पहले समोसा, बाद में दस्तखत. ध्यान रहे." मी दाराशी तोंडात रुमाल कोंबला. भय्यासाहेबांचे कान लाल, पण आवाज खणखणीत, तारीख, वेळ, काम आणि त्याच्या मागे संशय. मॅडम लिहिताहेत, चार तास, चार तास, चार तास.

"सोलह मई." इथे भय्यासाहेब अडले. पान उलटायला गेले. मॅडमनी पानावर बोट ठेवलं.

"...सोलह मई. पौने बारह बजे एक औरत आई. कूलर का पंप लाई. सवाल बहुत पूछती है. लड़की से पूछा, कौन सी क्लास, कौन सा स्कूल. पंप तो बहाना है. ये इन्हीं लोगों की मिली हुई लगती है. स्कूटी का नंबर लिख लिया है."

"नंबर क्या है?" मॅडमनी विचारलं.

भय्यासाहेबांनी वाचला. मॅडमनी पर्स उघडली, गाडीचे कागद काढले, टेबलावर ठेवले आणि चष्मा खाली करून म्हणाल्या, "वो औरत मैं थी."

तुम्हाला सांगतो, मला वाटलं संपलं, दार माझ्याच हाताशी आहे, निघावं. भय्यासाहेब उभ्या उभ्या बुटके झाले. आणि मॅडम हसायला लागल्या हो! "पंप इसी बच्ची ने खोला था. दो साल से चल रहा है. और बाहर स्टूल पर एक आदमी मुझे घूर रहा था, मैं समझी कोई पागल है. आगे पढ़िए."

मग काय! समितीतलीच साक्षीदार. बाकीची पानं भराभर गेली. शेवटच्या पानावर मात्र भय्यासाहेब परत थांबले. "इसमें कुछ नहीं है," म्हणाले. मॅडम म्हणाल्या, पढ़िए. आणि भय्यासाहेब हिंदी विसरले. मराठीतच वाचलं, अगदी हळू, आणि या वेळी खरोखर हळू.

"तीन जून. आज मुलीने पाच हॉर्सपॉवरची मोटर एकटीने भरली. उस्ताद बाहेर गेला होता, म्हणजे त्याने केली असं म्हणता येत नाही. दोनला दहा कमी असताना तिने बटण दाबलं. मोटर चालली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत तोंड घातलं. आज संशय घेण्यासारखं काही सापडलं नाही. मुलगी माझ्यापेक्षा हुशार आहे. कुणाला सांगू नये."

भार्गवी म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, तार वाकडी बसलीय."

"बसली होती थोडी," भय्यासाहेब म्हणाले, आणि वही बंद करून चष्मा पुसत बसले. मॅडमना मराठी कळली नाही, पण त्यांनी भाषांतर मागितलं नाही. एकशेवीस तास मान्य झाले. चार क्रेडिटं, दहातली एक जागा, आणि हातात कागद, नंबर, तारीख, गोल शिक्का. भय्यासाहेबांनी तो खिडकीच्या उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघितला. मॅडम म्हणाल्या, असली है.

इथे संपायला हवं होतं की नाही? सगळे सुखी, घरी जा, श्रीखंड खा! पण निघता निघता मॅडम आपल्या गमतीत बोलून गेल्या, "बाबूजी, एक सौ बीस घंटे तो आप भी बैठे हैं. हमारे यहाँ छोटा कोर्स है, उम्र की रोक नहीं, आप भी कर लीजिए."

भय्यासाहेबांनी विचारलं, "हमारे वो घंटे गिनोगे?"

"वो कैसे गिनें? आपने तो सिर्फ देखा. हाथ से काम करना पड़ेगा."

"कितना?"

"एक सौ बीस."

नवव्या दिवशी भार्गवीनं स्वतः फॉर्म भरून दिला, आणि आता भय्यासाहेब रोज सकाळी दहाला उस्तादांच्या दुकानात, आत, पंख्याखाली बसून जुन्या मोटरची तार सोडवतात. उस्ताद वाह म्हणतात, ते खरं धरतात. बदलला माणूस! पण ऑनलाइनवर भरवसा? छे! शून्य परत गळलं तर? म्हणून बाहेर आपला एक माणूस हवा, वही घेऊन, तारीखवार.

तो माणूस मी. स्टूल तेच, बिनपाठीचं. मला मोडी येत नाही, म्हणून देवनागरीत लिहितो. दहा ते दोन, काम काय केलं, चहा आला, सगळं सरळ सरळ लिहितो. चोवीस तास झाले, शहाण्णव बाकी आहेत. आणि काल दोन वाजता हात पुसत बाहेर आले, वही घेतली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला म्हणाले, "वसंता, यात माझ्यावर एकसुद्धा संशय घेतलेला नाहीस. कुठेतरी पाणी मुरतंय."

आता उद्यापासून रोज एक संशय आणू कुठून, तुम्हीच सांगा.